मामांची वही

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. ज्या काळी ही म्हण रूढ झाली त्या काळी माणूस ज्या गावी जन्मास आला त्याच गावी बहुधा देह ठेवीत असे. म्हणूनच परक्या शहरात घर शोधून पाहावे, हे तिसरे दिव्य म्हणीत यावयाचे राहून गेले असावे. आज आपल्या खेड्यांतील कित्येक कुटुंबांस ते करावे लागते. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेण्यास बेळगावला जाते, मुलास उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात नोकरी लागते, वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. मग कोणीतरी सुचवितो, "एखादा एजंट गाठा." या शब्दासरशी घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

'दलाल' या जुन्या शब्दास तर मराठीत शिवीचीच कळा आली आहे. वास्तविक हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि त्याच्या मूळ धातूचा अर्थ वाट दाखविणे असा आहे. वाट दाखविणाऱ्यांपैकी अनेकांनी वाट लावली, म्हणून शब्द बदनाम झाला हेही खरेच. मला त्या बदनामीचा प्रतिवाद करावयाचा नाही. मला येथे केवळ एका माणसाविषयी लिहावयाचे आहे.

हे गृहस्थ गेली पंचवीसेक वर्षे बेळगावात घरांची दलाली करीत आहेत. त्यांचे नाव देत नाही. ते त्यांना रुचणार नाही, आणि दिले तर या साप्ताहिकाचे निम्मे वाचक पुढील रविवारी त्यांच्या दारात उभे राहतील. सारी वस्ती त्यांना 'मामा' म्हणते. मामा बनविणे या वाक्प्रचारावरील विनोद दुसऱ्या कोणी करण्याआधी ते स्वतःच करून टाकतात : "फादर, या धंद्यात बाकीचे लोकांना मामा बनवतात. मला मात्र लोकांनीच मामा केलंय बघा." आठ वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील दोन मुलींसाठी खोली पाहण्याच्या निमित्ताने त्यांची माझी ओळख झाली. तेव्हापासून शहरात काम असले म्हणजे मी त्यांच्या एवढ्याशा कचेरीत घटकाभर टेकतो. कचेरी म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, आणि भिंतीवर शहराचा नकाशा. टेबलावर मोबाइल असतो आणि त्याच्या शेजारी लाल कापडी बांधणीची, रोजमेळासारखी लांबट वही.

मोबाइलवर जाहिराती जातात. मामांच्या व्हॉट्सॲपवरील एका गटात रोज सकाळी मजकूर पडतो : "टिळकवाडी, पहिला मजला, दोन खोल्या व स्वयंपाकघर, चोवीस तास पाणी, बाजार जवळ, शांत परिसर, कुटुंबासच देणे." जाहिरातीची भाषा सर्वत्र एकच असते व ती वाचावयास शिकावे लागते. 'शांत परिसर' म्हणजे तेथे बस जात नाही. 'बाजार जवळ' म्हणजे पहाटे चारपासून भाजीचे टेम्पो खिडकीखाली उभे राहतात. 'नव्यासारखे घर' म्हणजे रंग नवा. मामाही हीच भाषा लिहितात, कारण घरमालक तशीच मागतात. परंतु त्याच घराची नोंद लाल वहीत पाहिली तर ती अशी असते : "जिना अरुंद, गुडघे दुखणाऱ्यांस नको. मागच्या भिंतीस जूनपासून ओल. मालकीण बोलते फार, मनाने चांगली. पाणी खरेच चोवीस तास." ही वही ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत; परंतु घर दाखवावयास निघण्यापूर्वी त्यातील नोंद मोठ्याने वाचून दाखवितात. कित्येक गिऱ्हाइके तेथूनच परत जातात.

पाण्याविषयी 'खरेच' हा शब्द त्यांनी उगीच लिहिलेला नसतो. बेळगावच्या काही प्रभागांत २००८ मध्ये चोवीस तास नळाचे पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. तेव्हापासून रस्त्याच्या एका बाजूचे घर आणि दुसऱ्या बाजूचे घर यांच्या भाड्यात फरक पडू लागला, असे मामा सांगतात. ओलीविषयीही त्यांचा एक नियम आहे. विकत घ्यावयाचे घर जुलै महिन्यात पाहावे. "उन्हाळ्यात सगळीच घरं शहाण्यासारखी वागतात, फादर," असे ते म्हणतात. बळ्ळारी नाल्याच्या बाजूची काही घरे ते आजही ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी कोठवर चढले होते ते विचारल्यावाचून वहीत घेत नाहीत. आपल्या भागातला पाऊस कसा असतो हे मी तुम्हांस सांगावयास नको.

त्याच वहीत काही नोंदींच्या कडेला पेन्सिलीने एक लहानसा मासा काढलेला असतो. तो काय म्हणून मी एकदा विचारले. ज्या घरमालकांस भाडेकरूने मासे-मटण शिजविलेले चालते, त्यांच्या घरापुढे ही खूण. आमच्या मुलींना घर दाखविताना मालकाने जिन्यातच "तुम्ही कोण? घरात काय शिजवता?" असे विचारावे आणि त्यांनी मान खाली घालून जिना उतरावा, हा प्रकार मामांनी पुष्कळ पाहिला होता. त्यांच्या मते अपमान व्हावयाचाच असेल तर तो दलालाच्या कचेरीत, दलालाचा व्हावा. म्हणून मालकास हा प्रश्न ते स्वतः आधीच विचारून ठेवतात. मासा काढलेल्या घरांचीच यादी मग आमच्या मंडळींपुढे येते. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक आपली ओळख पटविण्यास हीच खूण वापरीत, रोमच्या भुयारी दफनभूमीच्या भिंतींवर ती आजही दिसते, असे मी त्यांस सांगितले तेव्हा ते खूप हसले. त्या दिवसापासून मासा थोडा मोठा काढू लागले आहेत.

आता कागदांविषयी. हा भाग रूक्ष आहे, पण आपल्या वाचकांनी तो वगळू नये, कारण घरे भिंतींमुळे जात नाहीत, कागदांमुळे जातात. बेळगाव जिल्हा पूर्वी मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्यामुळे एकाच घराच्या पेटीत आजोबांचे खत मराठीत, क्वचित मोडीत, आणि नातवाचा उतारा कन्नडमध्ये, अशी स्थिती असते. घरात बोलणे मराठीत किंवा कोकणीत, आणि कागद असा की वाचता येत नाही. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करणारा माणूस दुसऱ्याच्या हाती सापडलेला असतो. मामांचे शिक्षण मराठी शाळेत झाले. कन्नड ते कचेऱ्यांच्या ओसरीवर शिकले. दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे खेड्यांतील चार-पाच माणसे आपापले कागद घेऊन येतात. मामा ते वाचून सांगतात व त्याचे पैसे घेत नाहीत. त्यांतील कित्येकांना घर घ्यावयाचेही नसते, विकावयाचेही नसते. नोटीस काय आली आहे एवढेच हवे असते.

त्यांच्याजवळ बसून काही गोष्टी मलाही कळल्या. शेतजमिनीचे गुंठेवारीने तुकडे पाडून, बिनशेती परवानगी नसतानाच 'प्लॉट' म्हणून विकतात. घेणाऱ्यास स्वतंत्र उतारा मिळत नाही आणि तो आयुष्यभर चाळीस जणांच्या सामाईक जमिनीत उभा असतो. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारलेला व्यवहार म्हणजे खरेदीखत नव्हे. ते सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंदविलेलेच असावे लागते. केवळ मुखत्यारपत्र घेतल्याने घर आपले होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. तरीही मुखत्यारपत्रावर घर 'घेतलेली' माणसे शनिवारच्या त्या रांगेत आजही भेटतात. विसार देण्यापूर्वी ई.सी., म्हणजे त्या मिळकतीवर पूर्वी कोणते व्यवहार व बोजे नोंदले गेले त्याचा दाखला, निदान तीस वर्षांचा काढावा, असा मामांचा आग्रह असतो. आणि भाडेकरार अकरा महिन्यांचाच का, हे मला पुष्कळांनी विचारले आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीने नोंदवावा लागतो. तो खर्च व खटाटोप टाळावयास म्हणून अकरा.

२०१६ साली केंद्र सरकारने 'रेरा' नावाचा कायदा केला व एजंटांनाही नोंदणी सक्तीची झाली. मामांचा क्रमांक पाटीवर रंगविलेला आहे. परंतु ही सक्ती नोंदलेल्या नव्या प्रकल्पांतील सदनिका व भूखंड विकणाऱ्यांपुरती आहे. गल्लीतील जुने घर एका माणसाने दुसऱ्यास विकावे, असा व्यवहार त्या जाळ्याबाहेर राहतो, आणि आपल्या लोकांचे बहुतेक व्यवहार याच जातीचे असतात. तेथे दलालाची सचोटी ही शेवटी त्याची स्वतःचीच बाब उरते.

दलालीचा रिवाज असा : भाड्याच्या घरास एका महिन्याचे भाडे, विक्रीस शेकडा एक किंवा दोन, दोन्ही पक्षांकडून. मित्रांकडून काय घ्यावयाचे, हा प्रश्न या धंद्यात वकिली-डॉक्टरीपेक्षाही अवघड असतो, कारण डॉक्टरचे मित्र रोज आजारी पडत नाहीत, परंतु दलालाच्या प्रत्येक मित्रास, मित्राच्या मेव्हण्यास आणि मेव्हण्याच्या साहेबास घर हवे असते. मामा मित्रांकडून भाड्याच्या घराची दलाली घेत नाहीत. विक्रीची निम्मी घेतात. शिवाय मित्राचे सामान हलवावयाच्या दिवशी स्वतः टेम्पोबरोबर जातात, गॅसच्या नोंदणीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सारे पाहतात, आणि एका शिक्षकमित्राच्या आईला नव्या घरात झोप येईना म्हणून तिची जुनी खाट परत आणून देण्यासाठी त्यांनी खानापूरची फेरी केली होती. या साऱ्यात धंदा किती आणि मैत्री किती, हे मला तरी वेगळे काढता आलेले नाही. त्यांच्या पत्नीस मात्र अचूक काढता येते.

मामी पिठाची गिरणी चालवितात. त्यांच्या हाताला पीठ असते आणि जिभेला धार. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हाच त्यांनी सांगितले, "फादर, यांच्या वहीत सगळ्या गावाची घरं आहेत. आमचंच तेवढं नाही." हे शब्दशः खरे होते. शेकडो कुटुंबांस घरे मिळवून देणारा हा माणूस वडगावात तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो, आणि दर अकरा महिन्यांनी स्वतःच्याच हस्ताक्षरात स्वतःचा भाडेकरार लिहितो.

घर घेण्याची संधी आली नव्हती असे नाही. सहा वर्षांपूर्वी एक विधवा बाई आपले घर विकावयास त्यांच्याकडे आल्या. नवऱ्याच्या आजारपणाचे कर्ज होते आणि त्यांना लवकर मोकळे व्हावयाचे होते. भाव ठाऊक नसल्याने त्यांनी जो आकडा सांगितला तो खऱ्या किमतीच्या पाऊणपटही नव्हता. घर कोरडे, पाणी चांगले, कागद स्वच्छ. मामींनी ते पाहिले व त्यांचे मन तेथे बसले. बँकेतून कर्ज मिळण्यासारखे होते. मामांनी त्या बाईंना काय करावे? त्यांनी त्यांना खरा भाव सांगितला, दोन महिने थांबावयास लावले, आणि घर एका निवृत्त पोस्टमास्तरांस पूर्ण किमतीला विकून दिले. त्या किमतीस ते मामांना परवडण्यासारखे नव्हते.

पुढे मी एका वकील मित्राकडे ही गोष्ट काढली, तेव्हा त्यांनी मला १८७२ च्या करार कायद्याचे २१५ वे कलम दाखविले. ज्याने आपल्यावर काम सोपविले त्याची संमती न घेता व त्यास महत्त्वाच्या सर्व गोष्टी न सांगता एजंटाने तो व्यवहार स्वतःसाठीच केला, तर धन्यास तो मोडता येतो. मामांना हे कलम ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असं आहे होय? मग बरंच झालं की." मामी आतून म्हणाल्या, "कलमाला विचारा, राहायला कुठं देतंय काय."

मी मामींच्या बाजूचा आहे, हे येथे नमूद करून ठेवतो. नवऱ्याच्या चांगुलपणाची किंमत बायकोने भरावी आणि त्याची स्तुती मात्र त्याच्याच नावे जमा व्हावी, असा हिशेब मला कधीही पटलेला नाही.

आता ज्या प्रकरणासाठी मी हे लिहावयास बसलो त्याकडे वळतो. मामांचा एक शाळूसोबती आमच्या धर्मग्रामातला. दोघे मराठी शाळेत एका बाकावर बसलेले. पुढेही रोज संध्याकाळी एकत्र चहा. या मित्राच्या वडिलांचे शहरात एक घर होते. तळमजला वडिलांनी बांधलेला. वरच्या दोन खोल्या बहिणीने मुंबईहून पाठविलेल्या पैशांतून उठलेल्या. ही बहीण विसाव्या वर्षी परिचारिका म्हणून मुंबईस गेली, लग्न केले नाही, आणि पस्तीस वर्षे एका इस्पितळात रात्रपाळ्या करीत राहिली. धाकटा भाऊ पुण्यात. आई पूर्वीच वारली होती. वडील मृत्युपत्र न करता गेले. वर्षभराने थोरल्याने घर विकावयाचे ठरविले, कारण त्याच्या मुलास परदेशी शिकावयास जावयाचे होते. तो अर्थातच मामांकडे गेला.

मामांनी वही उघडली, पत्ता लिहिला, मजले लिहिले, आणि विचारले, "बहीण कधी येणार सहीला?"

"तिला कशाला मध्ये आणतोस? ती मुंबईतच राहणार. तिला काय करायचंय घर?"

"काही करू नये की. सही करायला ये म्हणावं."

"तुला दलाली हवी की वाद हवा?"

मामांनी वही मिटली. लिहिलेल्या पत्त्यावर त्यांनी रेघ मारली नाही, पुढे काही लिहिलेही नाही.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांतून याविषयी फार मोठे अज्ञान आहे, आणि काही ठिकाणी ते सोयीचे अज्ञान आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता मरण पावला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. विधवा पत्नी असेल तर तिला एक तृतीयांश, व उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान. पत्नी हयात नसेल तर सर्व काही मुलांना समान. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही, विवाहित व अविवाहित असा भेद नाही. "तिच्या लग्नात दिले तेच तिचे," हे वाक्य आपल्या ओसऱ्यांवर फार ऐकू येते. कायद्यात ते कोठेही नाही, आणि या बहिणीचे तर लग्नही झालेले नव्हते. त्रावणकोर भागातील ख्रिस्ती स्त्रियांना हाच समान हक्क मिळावा म्हणून मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल झाला. आपल्याकडे त्यासाठी कोणास न्यायालयात जावे लागले नाही. कदाचित म्हणूनच आपल्याला तो ठाऊक नसावा. बहिणीला आपला वाटा सोडावयाचा असेल तर तिने तो खुशीने सोडावा. परंतु त्यासाठी नोंदविलेले हक्कसोडपत्र लागते, आणि काय सोडीत आहोत हे तिला आधी कळलेले असावे लागते.

तो मित्र मग माझ्याकडे आला. वंशावळ करावयाची होती. तिच्यासोबत जोडण्यास त्याला स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील उतारे हवे होते. त्याने दोन मागितले. नोंदवहीत त्या कुटुंबाच्या नोंदी मी काढल्या, तीन होत्या. मी तिन्ही उतारे लिहावयास घेतले तेव्हा तो म्हणाला, "फादर, दोन पुरेत." मी म्हणालो, उतारा ज्याचा हवा त्याचा मी देईन, परंतु कुटुंबात किती मुले असे कोणी विचारले तर हे पुस्तक तीन सांगेल. तो उतारे न घेताच उठला.

त्यानंतर त्याने दुसरा एजंट गाठला. तेथे कोणी काही विचारले नाही. दोनच मुलगे दाखविणारे कागद तयार झाले, गिऱ्हाईक मिळाले, पाच लाखांचा विसार हाती आला. परंतु घेणाऱ्यास बँकेचे कर्ज हवे होते, आणि बँकेच्या वकिलाने चौकशीसाठी माणूस गल्लीत धाडला. समोरच्या घरातील म्हाताऱ्या आजींनी त्यास अगत्याने चहा दिला व घराचा सारा इतिहास सांगितला : वरच्या खोल्या कोणाच्या पैशांतून झाल्या, हेसुद्धा. व्यवहार जागच्या जागी थांबला. घेणाऱ्याने विसार एका महिन्यात परत मागितला, नपेक्षा फौजदारी करतो म्हणाला. पाचांपैकी दोन लाख मुलाच्या प्रवेशासाठी भरून झाले होते.

एका रात्री दहा वाजता तो मामांच्या घरी आला. त्या वेळी मी तेथे नव्हतो. पुढची हकीकत मामींकडून कळली. मामांनी त्यास दोष दिला नाही, जेवावयास वाढण्यास सांगितले. मग ते आत आले आणि मामींना विचारले. गिरणीतून साठविलेले दोन लाख दहा हजार रुपये त्यांच्या नावे पोस्टात होते. एखाद्या लहानशा घराच्या विसारासाठी म्हणून त्यांनी ते जमविले होते. मामी मला म्हणाल्या, "मी नाही म्हणाले असते तर यांनी काही म्हटलं नसतं, फादर. म्हणूनच नाही म्हणता आलं नाही." सकाळी त्यांनी दोन लाख काढून दिले.

त्यानंतर मामांनी मुंबईस फोन लावला. बहिणीने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "घर विकायचं हे मला सांगायला दादाला दलाल लागतो का हो?" मामांजवळ याचे उत्तर नव्हते. आठवड्याने ती आली. ती प्रथम भावाकडे गेली नाही. माझ्याकडे आली आणि नोंदवही पाहावयास मागितली. छपन्न वर्षांपूर्वीची शाई, त्या वेळच्या धर्मगुरूंचे तिरके अक्षर. तिने आपल्या नावावर बोट ठेवले आणि पुष्कळ वेळ ते तेथेच राहू दिले. मग वडिलांच्या नावावरून एकदा बोट फिरवून तिने वही मिटली आणि म्हणाली, "घर विकू दे दादाला. मी सही देते. माझा वाटा मात्र माझ्या खात्यात यायला हवा, हातात नको."

घर विकावयास आणखी सात महिने लागले. मामांनीच ते विकले. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तिघांनी सह्या केल्या, अंगठे दिले, छायाचित्रे निघाली. पैसे तीन खात्यांत सारखे गेले. विकणाऱ्यांकडून मामांनी दलाली घेतली नाही, घेणाऱ्याकडून घेतली. थोरल्याने मामींच्या दोन लाखांपैकी दीड परत केले; पन्नास हजार यावयाचे आहेत. मात्र संध्याकाळचा चहा बंद झाला. मामांनी आपल्या घरात भांडण लावले, असे तो चार लोकांत बोलतो. गेल्या मे महिन्यात त्याच्या मुलीचे लग्न झाले. आमंत्रणपत्रिका बहिणीला गेली, मामांना गेली नाही. मिस्सा मीच अर्पण केली. बाहेर मंडपाचे सामान उतरवीत असलेल्या टेम्पोवाल्याने मला सांगितले की खुर्च्या स्वस्तात मिळवून देणारे मामाच होते; त्याने विचारले, त्यांनी सांगितले.

बहीण आता निवृत्त झाली असून तिला मुंबईत राहावयाचे नाही. वाट्याच्या रकमेत शहरात मनासारखे घर येत नाही, म्हणून तूर्त ती मावसबहिणीकडे राहून लहानसे भाड्याचे घर पाहत आहे. तिच्या अटी मामांच्या वहीत तिच्याच शब्दांत लिहिल्या आहेत : तळमजला, सकाळचे ऊन, बाजार पायी जाण्याजोगा, आणि घरात काय शिजते हे कोणी विचारावयाचे नाही. कडेला मासा आहे. मार्चमध्ये मामांनी तिला चार घरे दाखविली. चौथे तिला फार आवडले, अनामत रक्कम घेऊनच ती दुसऱ्या दिवशी कचेरीत आली. मी तेथे होतो.

मामा म्हणाले, "त्या घराची मागची भिंत मला बरी वाटत नाही. रंग नवा आहे. जुलैपर्यंत थांब की."

"आणि तोवर दुसऱ्या कुणी घेतलं तर?"

"घेऊ दे. त्यालाही सांगणार आहे मी."

तिने पैशांचे पाकीट पिशवीत परत ठेवले. मग भिंतीवरच्या नकाशापुढे उभी राहून, वडगाव कोठे आहे आणि तिकडे मामींच्या गिरणीजवळ काही मिळण्यासारखे आहे काय, असे ती विचारू लागली.